कव्हरवरचा तांबडा डाग

मी एक जुनी वाकळ आहे, मित्रांनो. वय विचाराल तर दीडच वर्षाचं. पण माझ्या पोटातली लुगडी अक्काबाईंनी वीस वर्षं नेसलेली, म्हणून जुनी. भोंगवलीला, सुनेच्या बाळंतपणाआधी, अक्काबाईंनी मला शिवलं. प्रत्येक लुगडं आधी दोनदा उकळून घेतलं. "लेकराच्या तोंडावर येनार हाय, निर्मळ पायजे," असं म्हणत त्या टाके घालायच्या.

मग सोनिया जन्मली आणि मी तिची झाले. तिची आई माया मला रोज उन्हात टाकी, नाकाशी धरून हुंगे आणि मगच लेकीवर घाली. शेजारणी हसत. मला मात्र त्या हुंगण्याचा अभिमान वाटे.

मायाचा नवरा धम्मदीप 'खडीमशीन' नावाच्या बँडात गातो. ड्रम आकाश वाजवतो आणि रेकॉर्डिंगचं सगळं भोरचा मंदार बघतो. पहिला अल्बम त्यांनी मंदारच्या खोलीत केला. त्यातल्या दोन गाण्यांत एसटीचा हॉर्न ऐकू येतो, तरी लोकांना तो आवडला. दुसरा नीट करायचा म्हणून त्यांनी विंझरला आकाशच्या चुलत्याचं, कोंडिबाचं, बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड धरलं. तिथं शांतता होती, पण पत्र्याखाली आवाज घुमायचा. तो मुरवायला भिंतीवर जाड पांघरूण हवं होतं. धम्मदीपने माझ्याकडे पाहिलं.

"आठ दिवस," माया म्हणाली. "आधी शेड झाडून काढा. आणि हिला कुणी हात पुसायचे नाहीत."

"अगं, भिंतीवर टांगायची हाय. कोन कशाला हात पुसतंय?"

शेड कुणी झाडलं नाही. धूळ उडाली तर माइकात जाईल, असं मंदारचं म्हणणं. म्हणून आधी रेकॉर्डिंग, मग झाडू. तो झाडू तीन महिने दारामागेच उभा राहिला. खाली कोंबड्यांच्या विष्ठेचा थर, त्यावर सतरंजी, सतरंजीवर हे तिघे. गाणी निर्मळ पाण्याची, रानातल्या वाऱ्याची! आणि वडापाव खाऊन झाला की तेलकट बोटं माझ्या कडेला. सर्दी झाली की धम्मदीपचं नाक माझ्या कोपऱ्याला. त्याच कोपऱ्याला, जो त्याची लेक झोपेत चोखायची. उंदीर माझ्या घडीत मुतून गेले. मला माझाच वास सोसेना.

आणि मग तो दिवस. शेवटच्या गाण्याचा टेक चालला होता. आकाशच्या तोंडात गुटख्याचा तोबरा. गाणं संपलं, पण झांजेची घुमणारी रेघ विरेपर्यंत कुणी हलायचं नव्हतं. दार करकरायचं, म्हणून बाहेर जाता येईना. खाली सतरंजीवर सगळे बसलेले, पत्र्यावर थुंकावं तर आवाज होणार. आकाशने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मान वळवली. वाकळीत आवाज मुरतो ना, मित्रांनो! माझा हाच गुण त्याने वापरला. पिचक्‌ सुद्धा ऐकू आलं नाही. टेक ओके झाला.

थंडी पडली. सोनियाला बाजारातलं चकचकीत ब्लँकेट घातलं, तर तिच्या गालांवर पुरळ उठलं. रात्ररात्र ती खाजवायची. शेवटी माया तिला काखेत घेऊन मला न्यायला विंझरला आली. सवयीने तिने मला नाकाशी धरलं आणि तिला ओकारी आली.

"हे तांबडं काय आहे?"

"च्या सांडला आसंल, वैनी," आकाश म्हणाला.

"चहाला असला वास येतो होय, भावजी?"

"वहिनी, आत्ता नेऊ नका," मंदार मध्येच म्हणाला. "त्याच डागाचा फोटो अल्बमच्या कव्हरवर घेतलाय. प्रकाशनाला ही स्टेजवर लागेल."

मायाने नवऱ्याकडे पाहिलं. धम्मदीप गिटारच्या तारा पुसत होता. तारांना मात्र त्याच्याकडे मऊ फडकं होतं.

प्रकाशन भोरला, एका मंगल कार्यालयात झालं. पाठीमागे पुरुषभर उंचीचं कव्हर आणि त्याखाली मी, तशीच, न धुतलेली. लोक डागाकडे बोट दाखवून वाहवा करीत होते. मंदार माइकवर म्हणाला, "हा आमच्या मातीचा रंग आहे. कष्टाचा रंग आहे." टाळ्या पडल्या. मग त्याने वाकळीच्या मालकिणीला दोन शब्द बोलायला बोलावलं.

माया सोनियाला घेऊन वर आली. पोरीचे गाल अजून लाल होते.

"मातीचा रंग नाही तो," ती म्हणाली. "आकाश भावजींची पिचकारी आहे. आणि त्या कोपऱ्याला आमच्या ह्यांचं नाक. ही वाकळ हिची आहे. आता मी नेते."

सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेतल्या अक्काबाई मात्र हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आकाश आणि धम्मदीप भोंगवलीच्या अंगणात उभे. अक्काबाईंनी पाणी उकळायला ठेवलं होतं. दोघांनी मला चार वेळा धुतलं. तेल गेलं, उंदरांचा वास गेला, पण तांबडा डाग जाईना.

"ऱ्हाऊ द्या आता, अक्का. लई घासलं. बोटं सोलली," आकाश म्हणाला.

"लेकराच्या तोंडावर ऱ्हाऊ दिऊ व्हय रं?" अक्काबाईंनी कात्री घेतली आणि डागाएवढा तुकडा कापून चुलीत टाकला. मग आकाशकडे पाहिलं. "काढ त्यो सदरा."

आकाशच्या अंगात बँडचा नवाकोरा टी-शर्ट होता, छातीवर 'खडीमशीन' लिहिलेला. बिचारा उघडाबंब, थंडीत कुडकुडत बसला. अक्काबाईंनी त्या सदऱ्याचं ठिगळ मला लावलं. आधी दोनदा उकळून.

तीन दिवस उन्हात वाळल्यावर मायाने मला नाकाशी धरलं. बराच वेळ. मग लेकीवर घातलं. सोनियाच्या गालांवरचं पुरळ आठवड्यात बसलं.

दुसरा अल्बमही लोक आवडीने ऐकतात म्हणे. कव्हरवर तो डाग अजून आहे आणि न कळणारे त्याची वाखाणणी करतात. करोत. मला मात्र गुटख्याचा वास लांबून आला तरी टाके आखडल्यासारखे होतात.

मित्रांनो, उसनं नेलेलं परत करताना एवढंच करा. ते आधी आपल्या लेकराच्या तोंडावर घालून बघा. हात थबकला, तर अजून धुवायचं राहिलंय.