मिशीची हजेरी

केसाने गळा कापलात तुम्ही, साहेब. माणूस ओळखायचं काम फोनवर सोपवलंत आणि स्वतः डोळे मिटून बसलात.

सलूनवाल्याचं काय चुकलं होतं? त्याच्या बहिणीचा नवरा, बस डेपोत ब्रेक दुरुस्त करणारा मेकॅनिक, खुर्चीत मान टाकून बसला होता. वस्तरा मिशीच्या कडेला टेकला आणि मेकॅनिकच्या खिशातला फोन खणखणला. आत तुमच्याच बस खात्याच्या बाईचा ठरलेला आवाज, "हजेरी लावा!" मेकॅनिक दचकला. अर्धी मिशी टॉवेलवर. उरलेली काय शोभेला ठेवायची? तीही गेली.

फोन तोंडासमोर धरला. 'चेहरा जुळत नाही.'

"भावोजी, जरा रागावून बघा. एरवी तसेच असता."

"मेव्हणे, हजेरी चुकली तर काम जाईल माझं!"

दोघे धावतपळत डेपोत गेले. हजेरी कारकून मेकॅनिकच्या शेजारी बसून रोज डबा खायचा. त्याने बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "तू तूच आहेस हे मला माहीत आहे रे. पण फोनला पटायला हवं ना."

"अरे, मी समोर उभा आहे!"

"उभा राहा की. त्याला बंदी नाही."

सलूनवाल्याने दुकानात येऊन केर चिवडला, मिशीचे केस वेचले, कापडाच्या पट्टीवर डिंकाने चिकटवले. मेकॅनिकच्या घामेजल्या ओठावर पट्टी काही ठरेना. "असं ओठ ताणून धरा," म्हणत सलूनवाल्याने ती स्वतःच लावून दाखवली. आरशाला टेकवलेला मेकॅनिकचा फोन टिंगकन वाजला. 'स्वागत आहे. चेहऱ्याची नवी नोंद कायम.'

झालं! आता मेकॅनिकने तीच मिशी लावली तरी फोन ढिम्म.

काम तर टिकवायला हवं. दुसऱ्या दिवशी सलूनवाला मिशी लावून डेपोत आणि मेकॅनिक सलूनमध्ये. गिऱ्हाइकं गालाला कापूस लावून बाहेर पडू लागली. शेवटी बहीण डेपोत येऊन कडाडली, "अहो, हा माझा दादा आहे!"

"वहिनी, घरातलं भांडण घरात मिटवा," कारकून म्हणाला. "फोन म्हणतो, हाच तुमचा नवरा."

"मग जेवायला फोनलाच वाढते!"

सलूनवाला तुमच्या केबिनमध्येही आला होता, साहेब. "मी मेकॅनिक नाही, मला बसखाली घालू नका," म्हणाला. तुम्ही मान वर न करता त्याची बिनपाण्याने केलीत. धंद्यातला माणूस, त्याला ती बरोबर कळली. वर म्हणालात, "फोन चुकत नाही. कामाला लाग."

लागला बिचारा. बसखाली सरपटला. ब्रेक खोलले, टॉवेलने पुसले. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून तुरटी फिरवली आणि जमेल तसे बंद केले. कारकुनाच्या फोनवर 'दुरुस्ती पूर्ण' उमटलं. बस निघाली.

दादा ब्रेक खोलतोय असं बहिणीने सांगितलं तसा मेकॅनिक सलून टाकून पळत आला. पण आता डेपोचं फाटकही चेहरा जुळला तरच उघडायचं, बिनमिशीच्या तोंडाला ते उघडेना. बस बाहेर पडून उताराला लागलेली पाहून तो तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला. चालकाने ब्रेकवर पाय दिला आहे. बस थांबलेली नाही.

साहेब, मेकॅनिक तर आज डेपोत हजर आहे, तुमचा फोनच सांगतो. मग त्या बसखाली आता जो येईल, तो मेला म्हणून कुणाचं नाव लिहाल? बोला.