बकरीच्या गळ्यातला पट्टा

गाईचे दिवस भरत आले होते. मागच्या वेळी ती अडली तेव्हा घरात कोणी नव्हतं, आणि वासरू गेलं. म्हणून या खेपेला सुनेनं तिच्या गळ्यात हालचाल टिपणारा पट्टा बांधला. गाय अस्वस्थ झाली, ऊठबस करू लागली, की सुनेच्या मोबाईलवर निरोप. सून डेअरीत कामाला, दिवसभर बाहेर.

सासूबाईंना पट्टा पटला नव्हता. त्यांच्या वेळी गाईच्या गळ्यात घंटा असायची. गाय चरतेय की भलतीकडे निघालीय, हे चुलीपाशी बसून कळायचं. हा पट्टा मुका. त्यात गाईची मान घासून लाल झालेली दिसली आणि त्यांचा जीव तुटला. त्यांनी पट्टा सोडला. पण नुसता खुंटीला टांगला तर गाय निपचित पडलीय असं मोबाईलला वाटेल, एवढं त्यांना कळत होतं. मग त्यांनी तो बकरीच्या गळ्यात अडकवला आणि निवांत शेंगा सोलायला बसल्या.

बकरी ओट्यावर चढली, तिथून गवताच्या गंजीवर, गंजीवरून खाली, पुन्हा वर.

थोड्याच वेळात सून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन धापा टाकत आली. गाय शांतपणे रवंथ करत होती. डॉक्टरांनी गाईकडे पाहिलं, मग बकरीकडे.

"हिला कितवा महिना?"

सून हसली नाही. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "आई, मागचं वासरू मी उचलून नेलं होतं."

"मान घासली होती गं तिची."

"मग मला सांगायचं. मोबाईलला कशाला फसवायचं?"

सासूबाईंनी जुन्या मऊ चादरीची पट्टी फाडली, पट्ट्याला आतून शिवली आणि तो स्वतःच्या हातानं गाईला बांधला. सुनेनं त्यांच्याही मोबाईलवर निरोप येईल अशी सोय केली आणि घंटेचा आवाज लावून दिला.

पुढच्या आठवड्यात दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. उशाशी घंटा वाजली. जुन्या सवयीनं त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. गाय कण्हत होती. वासराचा एकच पाय बाहेर आलेला, दुसऱ्याचा पत्ता नाही. त्यांनी सुनेला फोन लावला.

"डॉक्टरांना घेऊन ये. आणि सांग, आज गायच आहे."

संध्याकाळपर्यंत वासरू उभं राहिलं. पाय लटपटत होते, पण राहिलं. सासूबाईंनी त्याच्या ओल्या मानेवरून हात फिरवला.

"याला एवढ्यात काही बांधू नकोस," त्या सुनेला म्हणाल्या.