आठवं इंजिन

शरदचंद्रांनी ताडपत्रीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"अहो, तो माणूस इंजिन बघायला येतोय, तुमची गाठ बघायला नाही," सुनेत्राबाई गॅरेजच्या दारातून म्हणाल्या. "आणि आत या. हात बघा, गारठून निळे पडलेत."

"त्याच्याकडे रजिस्टरची कॉपी आहे म्हणाला. फोनवर."

"एकोणचाळीस वर्षं झाली. आता कोण पोलिसात देतंय तुम्हाला?"

चोराच्या मनात चांदणं, हे शरदचंद्रांना कोणी सांगायला नको होतं. ते नोकरीला होते त्या मोटार कंपनीच्या लोगोचं पाकीट आलं, अगदी पेन्शनचं आलं, तरी ते आधी उजेडात धरून बघायचे.

पुढच्या महिन्यात कॅनडातल्या ग्वेल्फचं हे घर सोडून दोघं कॉन्डोत, छोट्या फ्लॅटमध्ये, जाणार होती. सामान कमी करायचं म्हणून लेकीनं, सलोनीनं, गॅरेजमधल्या सगळ्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर टाकले. जुनं लॉनमोअर, शिडी, आणि 'बाबांचं एक इंजिन'. दुसऱ्याच दिवशी वॉन शहराहून ग्लेन नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते एका मोटार म्युझियमसाठी जुनी इंजिनं पारखत असत. बोलताना त्यांचा आवाज चक्क थरथरत होता.

कारण तसंच होतं. १९७० साली कंपनीनं शर्यतीच्या गाड्यांच्या तोडीची आठ प्रायोगिक इंजिनं बनवली होती. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, आणि ताकद अशी की चाचणीच्या खोलीच्या काचा हलायच्या. मग धुराचे नियम आले, विम्याचे दर चढले, आणि वरून हुकूम सुटला: आठही फोडा, रजिस्टरात प्रत्येकापुढे सही करा. फोडायचं काम पुण्याहून येऊन दोन वर्षं झालेल्या शरदचंद्रांकडे आलं. सात त्यांनी घणानं फोडली. आठव्याची पाळी आली त्या शुक्रवारी खंडेनवमी होती.

वडिलांची लेथ मशीनसुद्धा त्या दिवशी फुलं घालून बंद असायची. यंत्राची पूजा करायच्या दिवशी यंत्रावर घण घालायचा? त्यांनी फोरमनला, स्टॅनला, मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "आज नाही. मंगळवारी करतो." सोमवारी थँक्सगिव्हिंगची, तिकडच्या सुगीच्या सणाची, सुट्टी होती. स्टॅननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि रजिस्टर काखेत मारून निघून गेला. मंगळवारी सगळा विभागच दुसरीकडे हलला. आठवं इंजिन ताडपत्रीखाली राहिलं आणि डिसेंबरात भंगार म्हणून भाड्याच्या ट्रकातून घरी आलं. रजिस्टरातली आठवी ओळ मात्र कोरीच राहिली असणार. ती ओळ त्यांनी पुढे किती वेळा स्वप्नात पाहिली, याला गणती नाही.

त्या भीतीपायी त्यांनी स्टॅनला टाळलं. त्यानं दोनदा घरी बोलावलं, दोन्ही वेळा यांना बरं नव्हतं. तो गेला तेव्हा फ्युनरलला सुद्धा हे गेले नाहीत. त्याची बायको आयरीन अजून दर ख्रिसमसला कार्ड पाठवायची: 'स्टॅनचं गॅरेज रिकामं पडलंय. कधीतरी या.' हा टोमणाच आहे, असं शरदचंद्र धरून चालले होते.

ठीक दहाला ग्लेन आले. उंच, साठीचे, बूट दारातच काढून ठेवणारे. ताडपत्री निघाली तेव्हा त्यांनी टोपी काढली. मग बोटाच्या टोकानं ब्लॉकला स्पर्श केला.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू. आम्ही वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतो."

पुढच्या बाजूला कुंकवाचा आणि तेलाचा बोटभर जाड थर साचला होता. त्याला दोन महिन्यांपूर्वीच्या झेंडूची वाळकी पाकळी चिकटली होती. त्या थराखाली धातूत ठोकलेला इंजिनाचा आकडा होता. दर वर्षी कुंकू नेमकं तिथेच का लावलं, भक्तीनं की भीतीनं, हे शरदचंद्रांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ग्लेननी पिशवीतून एक कागद काढला. शरदचंद्रांनी वर्कबेंच धरलं.

"अडचण ही आहे," ग्लेन म्हणाले. "आठच बनली होती. आणि हे बघा, आठही फोडल्याची नोंद आहे."

पहिल्या सात ओळींपुढे शरदचंद्रांची तरुणपणीची सुबक सही होती. आठवी ओळ कोरी नव्हती. 'नष्ट केले, माझ्यासमोर.' तारीख त्याच शुक्रवारची. खाली स्टॅनची मोठी, वाकडी सही.

शरदचंद्रांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सही तीच होती. त्याच दिवशी, संध्याकाळची शिफ्ट सुटायच्या आत केलेली. सगळं कळूनही स्टॅननं त्यांना एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं.

"मी या माणसाबद्दल चौकशी केली," ग्लेन म्हणाले. "सगळे म्हणतात, त्याची सही म्हणजे दगडावरची रेघ. हे खरं आठवं असेल, तर म्युझियम उद्या घेऊन जाईल. तुमच्या नावाची पाटी लागेल. पण मग तो खोटं बोलला होता, हे मला लिहावं लागेल. मी हे पुसून आकडा बघू?"

त्यांनी खिशातून कापड काढलं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुनेत्राबाई दारातच थांबल्या.

"पुसू नका," शरदचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच नवा वाटला. "आकडा नाहीये. उरलेल्या सुट्या भागांतून मी जोडलंय हे. नक्कल आहे. स्टॅननं लिहिलंय तेच खरं."

ग्लेननी इंजिनाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग कापडाची घडी घालून खिशात ठेवली. "फार सुंदर नक्कल आहे," ते हळूच म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत सुनेत्राबाईंनी कप ट्रेमध्ये गोळा केले.

"अहो, नावाची पाटी लागली असती," त्या म्हणाल्या. "आता याचं काय करायचं? कॉन्डोत तर नेता येणार नाही."

शरदचंद्र ताडपत्री नीट पसरत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"आयरीनचं कार्ड कुठे ठेवलंयस गं?" त्यांनी विचारलं. "तिला फोन करतो. गॅरेज अजून रिकामं आहे का विचारतो."