समान वागणूक

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेचे शिपाई गणपतराव स्टुलावर चढले आणि पाचवी 'अ'च्या दारावरची 'सेमी इंग्रजी' ही पाटी त्यांनी काढली. मधल्या सुट्टीच्या आत बाकं हलवून झाली आणि 'अ' व 'ब' या दोन तुकड्यांची मिळून एक पाचवी झाली. गणित आणि विज्ञान यापुढे सगळ्यांना मराठीतून. कुणी आरडाओरड केली नाही. मुलांना वाटलं, रंगकाम निघालं.

हे माझ्या अर्जावरून झालं. अर्जामागचा माझा हेतू वेगळा होता, पण हेतूला आवक क्रमांक मिळत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. हिंगणा रोडला लागून असलेल्या एका ले-आउटमध्ये आमचं घर आहे आणि गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांबरोबर एक शिक्षणतज्ज्ञ असावा लागतो. मुख्याध्यापिका शामला मॅडम त्या शोधात आमच्या गल्लीत आल्या, तेव्हा मी फाटकात उभा राहून पेपर वाचत होतो. पेपर इंग्रजी होता. एवढ्यावर मी तज्ज्ञ झालो. समितीची अध्यक्ष रुख्मिणी. कोपऱ्यावर तिचं फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान आहे आणि तिची रितिका पाचवीत आहे.

यंदा शाळेत पहिल्यांदाच सेमी इंग्रजी आलं. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पण इंग्रजीतून शिकवू शकणाऱ्या शिक्षिका एकच, मयुरा मॅडम. त्यामुळे शाळेने एका शनिवारी चाचणी घेतली आणि पाचवी मधोमध कापली. वरची अर्धी मुलं 'अ'मध्ये मयुरा मॅडमकडे गेली, उरलेली 'ब'मध्ये. 'ब'चे सर मतदार यादीच्या कामावर असल्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस वर्गात नसत. रितिका 'अ'मध्ये गेली. तिच्या शेजारी बसणारी लतिका 'ब'मध्ये गेली.

लतिकाचे वडील दुर्गेश हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. संध्याकाळी कंपनीची बस सोडते तिथून ते सरळ माझ्या फाटकात आले.

"काकाजी, तुम्ही कमिटीत हा. माह्या पोरीले बी 'अ'मध्ये टाकून द्या ना."

मागणी एका ओळीची होती. शामला मॅडमना फोन केला असता आणि एक बाक वाढवून घेतलं असतं, तर विषय संपला असता. पण मी निवृत्त माणूस. पुष्कळ दिवसांनी कुणी काही मागायला आलं होतं आणि एका बाकात माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. दहा वर्षांच्या मुलांना एका शनिवारच्या चाचणीवर हुशार आणि ढ असं वाटून टाकणं हे मला तत्त्वतः अमान्य होतं. आजही आहे. दुर्गेशना मी तत्त्व समजावून सांगितलं. ते ड्युटीवरून आले होते, उभ्यानेच ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे टाकून राहिले ना तुम्ही?"

समितीची बैठक झाली. कूलरमध्ये पाणी नव्हतं, त्यामुळे तो नुसताच गरम हवा फिरवत होता. मलाही तेच काम उरलं होतं. मी सामाजिक न्यायावर बोललो. हा शब्द मी किमान सहा वेळा वापरला असं माझी पत्नी अरुंधती सांगते. ती बैठकीला नव्हती, घरी होती; तिथवर ऐकू गेलं. एकतर सगळ्यांना सेमी द्या, नाहीतर चाचणीने वाटणी करू नका, असं माझं म्हणणं होतं. त्यातला 'नाहीतर'नंतरचा भाग मी केवळ वाक्याला तोल यावा म्हणून घातला होता.

शामला मॅडम म्हणाल्या की सगळ्यांना एका वर्गात बसवलं तर मयुरा मॅडमचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचणार नाही, आणि दुसरी शिक्षिका मागून मागून त्या थकल्या आहेत. रुख्मिणी म्हणाली, "परीक्षा झाली ना? माही पोरगी अभ्यास करून बसली होती. ज्यायचं राहिलं त्यायनं पुढच्या वर्षी करावा." चाचणी तिला पूर्णपणे न्याय्य वाटत होती. रितिका पास झाली होती.

बैठकीनंतर तिने मला बाजूला घेऊन वेगळं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि अकरावीला सायन्सला गेला. तिथे पहिल्या दिवसापासून फळ्यावर सगळं इंग्रजीत. दिवाळीला तो घरी आला तो परत कॉलेजात गेलाच नाही. आता मौद्याला ठेकेदाराकडे आहे. "रितिकाले सायन्स घ्याचं हाय," ती म्हणाली. "पाचवीपासून कानावर पडलं त टिकते ते. तुम्ही याच्यात हात नका घालू काकाजी."

मी तिला म्हटलं, तू तुझ्या मुलीपुरतं बघते आहेस, मला सगळ्या मुलांचं बघायचं आहे.

समितीच्या नावाने अर्ज करायचा तर अध्यक्षांची सही लागली असती. म्हणून मी वैयक्तिक केला. अदितीची शाळा सुटायची वाट बघत, वर्धा रोडवर गाडीत बसून लिहिला. अदिती माझी नात, मुलगा गौरांगची मुलगी. तीही पाचवीतच आहे, पण तिची शाळा खासगी आहे. तिथे दर चाचणीनंतर मुलांच्या तुकड्या नव्याने पाडतात आणि सगळ्यात वरच्या तुकडीला 'टॉपर्स बॅच' म्हणतात. अदिती त्यात गेली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. पहिला पेढा रुख्मिणीच्या दुकानात दिला. गाडीत बसून सामाजिक न्यायाचा तिसरा परिच्छेद लिहिताना यातलं काहीही मला आठवलं नाही. एसी चालू होता, हस्ताक्षर चांगलं येत होतं.

अर्जातलं शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे: 'एकाच इयत्तेतील विद्यार्थ्यांमध्ये असा भेद करणे अन्यायकारक असून सर्व विद्यार्थ्यांना तातडीने समान वागणूक देण्यात यावी.' 'तातडीने' हा शब्द दुसऱ्या वाचनात घातला.

अर्ज वर, शिक्षण विभागाच्या कार्यालयात पोचवण्याचं काम मुकुंदभाऊंनी केलं. मुकुंदभाऊ आमच्या भागाचे भावी नगरसेवक आहेत. मागच्या तीन निवडणुकांपासून भावीच आहेत. सेमी सुरू झालं तेव्हा 'आपल्या वस्तीत इंग्रजी आणले' असा फ्लेक्स त्यांनी चौकात लावला होता. माझा अर्ज त्यांनी न वाचता आपल्या लेटरहेडसोबत जोडला आणि स्वतः नेऊन दिला.

पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. कालव्याच्या शेवटच्या गावांनी 'आम्हालाही वरच्या गावांइतकंच पाणी द्या' असा अर्ज केला की त्यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे शेवटपर्यंत पाणी पोचवायचं. त्याला निधी लागतो, माणसं लागतात, वर्षं लागतात. दुसरा म्हणजे वरचं दार बंद करायचं. त्याला एक चाक फिरवावं लागतं. वरच्या कार्यालयाने चाक फिरवलं. आदेशात माझंच वाक्य होतं, शब्द न शब्द. 'समान वागणूक देण्यात यावी'च्या जागी 'देण्यात येत आहे' एवढाच फरक.

अरुंधतीने आदेशाचा फोटो माझ्या फोनवर वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "अहो, भाषा मात्र छान आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी दुर्गेश आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"काकाजी, मी म्हणलं होतं माह्या पोरीले 'अ'मध्ये टाका. तुम्ही त 'अ'च उडवून टाकला."

मी म्हटलं, मला असं अपेक्षित नव्हतं.

"नाही, लतिका खुश हाय," ते म्हणाले. "रितिका वापस तिच्या बाजूले आली ना." मग म्हणाले, "गल्लीत लोकं मलेच बोलून राहिले. म्हणतात, तुह्या पोरीपायी झालं."

दुसऱ्या दिवशी मी रुख्मिणीच्या दुकानात गेलो. बहाणा अरुंधतीच्या ब्लाउजचा होता. भाचीच्या लग्नासाठी तो त्याच दिवशी मिळायचा होता. मशीन चालू होतं आणि तिने ते थांबवलं नाही.

"या, तज्ज्ञ," ती म्हणाली. आजवर तिने मला काकाजीच म्हटलेलं होतं. ब्लाउज झाला नाही आणि कधी होईल ते सांगता येणार नाही, असं तिने साडीच्या काठावरून नजर न उचलता सांगितलं. मग मशीन थांबवलं.

"तुमची अदिती त्या टॉपर बॅचमध्ये हाय ना? एक अर्ज तिथं बी द्या ना. ते बी बंद होऊन जाईन."

मी म्हटलं, ती खासगी शाळा आहे.

"हव. मले मालूम हाय."

यावर काही बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बोललो. रितिकाला रोज संध्याकाळी घरी पाठव, मी तिचं गणित-विज्ञान इंग्रजीतून घेतो, असं सांगितलं. मला स्वतःलाच ते फार उदार वाटलं.

"शाळेत मराठीतून, तुमच्याकडं इंग्रजीतून," ती म्हणाली. "पोरगी पेपरात काय लिहीन? आन तुमच्या घरी पाव्हणे आले की सुट्टी."

तिने पुढचं ठरवलं होतं. हिंगणा रोडवर वरच्या मजल्याच्या दोन खोल्यांत एक इंग्रजी शाळा आहे. नावात 'इंटरनॅशनल' आहे, मैदान नाही. ते रितिकाला घ्यायला तयार होते, पण पाचवीत नाही, इंग्रजी कच्चं म्हणून पुन्हा चौथीत. पास झालेली मुलगी एक वर्ष मागे जाणार होती. रितिका त्यावर रडली होती.

"सोमवारी दाखला काढून राहिली मी," रुख्मिणी म्हणाली. "त्याच्या आत तुम्ही जे बिघडवलं ते सुधरवता येत असन त पाहा. नाही त ब्लाउज दुसरीकडं टाका."

मी वरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने नाव ऐकताच मान डोलावली. "समान वागणूकवाले ना? सर, असा मुद्देसूद अर्ज वर्षात एखादाच येतो. नाहीतर लोक काय मागतात तेच कळत नाही." मी म्हटलं, मीही तेच सांगायला आलो आहे. मला बंद करायचं नव्हतं, सगळ्यांसाठी सुरू करायचं होतं. त्याने फाइल काढून माझा अर्ज पुन्हा वाचला, माझ्यासमोर, बोट ठेवून. त्यात 'सुरू' हा शब्द कुठेच नव्हता.

मग दुसरी अडचण निघाली. दोन तुकड्यांची एक झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. सगळ्यात कमी सेवा मयुरा मॅडमची. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवण्याचा कागद तयार होत होता. सेमी पुन्हा सुरू करायचं तर शिक्षक उपलब्ध असल्याचा दाखला हवा, आणि शिक्षक थांबवून ठेवायचा तर सेमी सुरू असल्याचा. मी तिथेच बसून दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जातल्या विद्वानाचं म्हणणं कसं चुकीचं आहे ते त्यात सविस्तर दाखवलं. बाबू म्हणाला, "हाही चांगला आहे."

परत येताना चौकात मुकुंदभाऊंचा नवा फ्लेक्स दिसला: 'गरीब विद्यार्थ्यांवरील अन्याय दूर केला.' मी त्यांना फोन करून सगळी स्थिती सांगितली. ते अजिबात गोंधळले नाहीत. "काका, तुम्ही अर्ज द्या," ते म्हणाले. "आपण दोन्हीचा पाठपुरावा करू."

या वेळी मी अर्जाला, सेमी पुन्हा सुरू करावं असा समितीचा ठराव जोडायचं ठरवलं. त्यासाठी अध्यक्षांची सही हवी होती. ठरावाचा कागद घेऊन मी रविवारी रुख्मिणीच्या घरी गेलो. ती वाचत असताना रितिका दारात उभी होती. तिने विचारलं, "आबा, मयुरा मॅडम गेल्या का?" मी म्हटलं, अजून नाही. खरं तर मला माहीत नव्हतं. रुख्मिणीने ठराव शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणाली, "ह्याच्यात 'समान' कायले टाकला?" मी तो शब्द खोडला. दुसऱ्या ओळीत 'चाचणीशिवाय सर्व मुलांना' असं होतं. त्यावरही तिचं बोट थांबलं. लतिकाचं घर तिथून दिसतं. तिने तिकडे पाहिलं आणि सही केली.

सोमवारी सकाळी मी ठराव देऊन आलो. पोच मिळाली. साहेब बैठकीला होते.

साडेबाराला शामला मॅडमचा फोन आला. मयुरा मॅडमचा कागद निघाला आहे, उद्यापासून त्या दुसरीकडे. रुख्मिणी रितिकाला घेऊन समोर बसली आहे आणि दाखला मागते आहे. तो लिहून तयार आहे, फक्त सही राहिली आहे. "तुम्ही समितीचे तज्ज्ञ आहात," मॅडम म्हणाल्या. "सही करू की थांबू?"

मी वरच्या कार्यालयात फोन लावला. बाबूने सांगितलं की ठराव साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे आणि साहेब जेवायला गेले आहेत. मी ते शामला मॅडमना कळवलं. त्यांनी रुख्मिणीला विचारलं, किती वेळ थांबता. ती काय म्हणाली ते मला फोनवर ऐकू आलं नाही. दीड वाजेपर्यंत दाखल्यावर सही झालेली नव्हती आणि रुख्मिणीही उठून गेलेली नव्हती.