लोणावळ्याच्या वेगाने

मी एक जुना व्हिडिओ गेमचा खोका आहे. मित्रांनो, 'खोका' हा शब्द मी नम्रतेने वापरला; माझं वजन नव्वद किलो आहे. माझा मुक्काम लोणावळ्याच्या बाजारात, हौशीरामभाऊंच्या चिक्कीच्या दुकानात. पूर्वी तिथे गेमचं पार्लर होतं. माझ्या पडद्यावर एक विमान उडे आणि ते उडवायला पोरं शाळा बुडवून येत. शिक्षणक्षेत्रात माझं कार्य एवढंच.

भाऊंच्या पत्नी चिमाबाई सुटे पैसे देत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वतःच खेळत. त्यांच्याइतकं पुढे कुणीही गेलं नाही.

मग मोबाईल आले. दमट हवेने माझ्या बोर्डावर हिरवा गंज चढला, पडदा काळा पडला आणि मी चिक्कीचे पुडे ठेवायचं टेबल झालो. शेवटी भाऊंनी जाहीर केलं, "रविवारी भंगारवाला येतोय. फ्रीजला जागा पायजे."

"आधी तळेगावच्या बाईंना दावू," चिमाबाई म्हणाल्या.

त्या बाई म्हणजे सुनेत्रा. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि मेलेल्या यंत्रांसाठी नवे बोर्ड आखतात. त्यांच्याकडे एफपीजीए नावाची चिप असते. ती कोरी येते. आपण लिहून देऊ तसं सर्किट तिच्या आत जुळतं. मला बनवणाऱ्या कंपनीचा जुना सर्किटचा नकाशा समोर ठेवून त्यांनी माझ्या ऐंशी चिपांचं काम त्या एका चौकोनात बसवलं. मला थोडा अपमान वाटला, पण जीव वाचत होता.

शनिवारी पडदा उजळला. चिमाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि बघता बघता डावात मिळणारी त्यांची तिन्ही विमानं पडली.

"ह्ये आपलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मावशी, नकाशाशी तंतोतंत जुळतंय."

"आसंल. पन आपलं इतकं पळत नव्हतं."

"वय झालं तुजं," भाऊ म्हणाले.

"माजं झालं आसंल. बोटांचं न्हाई."

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. सुनेत्राबाईंनी मात्र शिक्षकांत दुर्मिळ असलेली गोष्ट केली: विद्यार्थ्याला चूक ठरवण्याआधी पुस्तक तपासलं. माझा गंजका बोर्ड त्यांनी भिंगाखाली धरला. सगळ्या चिपांना ठोका देणारा स्फटिक त्यावर असतो. नकाशात तो बारा मेगाहर्ट्‌झचा; माझ्यावर दहाचा, म्हणजे ठोकाच संथ.

"भाऊ, हा कुणी बदलला?"

भाऊंनी डोकं खाजवलं. "येका पावसाळ्यात बंद पडलं व्हतं. देहूरोडच्या रेडिओवाल्याकडं ह्योच शिल्लक व्हता. बसला की!"

म्हणजे सबंध लोणावळा माझ्यावर वर्षानुवर्षं सावकाश खेळत होता. तक्रार एकाचीही नाही. इथे लोक हवा खायला येतात. घाई त्यांनी घाटाखालीच ठेवलेली असते.

सुनेत्राबाईंनी चिपसाठी लिहिलेली एक ओळ बदलली आणि माझ्या पाठीला एक बटण बसवलं. एका बाजूला 'कंपनी', दुसऱ्या बाजूला 'लोणावळा'. ते अजून दुसऱ्या बाजूलाच आहे.

"मंग फ्रीज कुटं ठिवायचा?" रविवारी भाऊंनी विचारलं.

"तुमच्या खुर्चीच्या जागी," चिमाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. भंगारवाला चहा पिऊन गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. मात्र त्यांच्यातली चूक पुसण्याआधी, त्या ज्यांच्या हातात झिजल्या त्यांना एकदा बोलवा. नकाशाला आमचं अर्धंच आयुष्य ठाऊक असतं. उरलेलं अर्धं आत्ता माझ्यासमोर पदर खोचून उभं आहे, खेळाच्या सातव्या फेरीत. कृपया धक्का लावू नका.