पूजेला बसलेलं रसायनशास्त्र

दिगंबररावांनी मूलद्रव्यांच्या तक्त्याची गुंडाळी केली, तिला हळदीचा दोरा बांधला आणि ती सरस्वतीच्या पायाशी ठेवली. तक्ता पुन्हा उलगडू लागला. त्यांनी त्यावर सेंद्रिय रसायनाचं जाड पुस्तक ठेवलं, तेव्हा तो शांत झाला.

"टॅब पण," ते म्हणाले.

ईश्वरीनं सोफ्यावरचा टॅब आणून दिला. "यात पंचांग पण आहे, अप्पा."

"असू दे. पंचांगाचीही पूजा होईल."

सप्तमीला पुस्तकं पूजेला बसत आणि दशमीच्या सकाळी उठत. मधल्या दिवसांत घरात कुणी एक अक्षर वाचायचं नाही, हा नियम. लहानपणी दिगंबररावांनी त्याच्या पालनात कधी कसूर केली नव्हती. वर्षाच्या इतर दिवसांतही ते तो जमेल तेवढा पाळत. त्यांची बायको सरोजिनी मात्र कडक होती. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई, पण या दिवसांत मेतकुटाच्या पुडीचा कागदसुद्धा कुणाला वाचू द्यायची नाही. तिच्याशिवायचा हा दुसरा दसरा. म्हैसूरच्या रीतीप्रमाणे पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडताना राजा-राणीची जोडी वरच्या पायरीच्या डावीकडे असायची की उजवीकडे, यावर बापलेकीत थोडी चर्चा झाली आणि शेवटी जोडी मधोमध उभी राहिली. सरोजिनीनं ती तिथं कधीच ठेवली नसती, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

ईश्वरीला फार्मसीला जायचं होतं. उन्हाळ्यातल्या सीईटीत म्हैसूरच्या कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली, आणि दुसरीकडे कुठे जाण्यापेक्षा वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा देते, असं तिनं ठरवलं. नातेवाइकांना हे पटायला जड गेलं. संताजीरावकाकांनी बेंगळूरहून मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "फार्मसी म्हणजे दुकानात बसायचं, अल्वा, होय ना? मग वर्ष कशाला घालवायचं? दुकान आत्ताच टाका की." दिगंबररावांनी त्यांना विचार करतो म्हणून सांगितलं. काकांशी बोलताना ते नेहमी विचार करत.

फार्मसी का, हे त्यांनी मुलीला कधी विचारलं नव्हतं. सरोजिनीच्या आजारपणात डॉक्टर जे सांगत त्याला दिगंबरराव मान डोलवत, आणि बाहेर आल्यावर त्यांना काहीही आठवत नसे. ईश्वरी तेव्हा हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीशी उभी राहून प्रत्येक गोळी पोटात जाऊन काय करते ते विचारून घ्यायची. घरी आल्यावर आईला सांगायची. सरोजिनी डोळे मिटून ऐकायची आणि चुकलं तर दुरुस्त करायची. फ्रीजच्या दारात त्यातली एक अर्धी पट्टी अजून होती. ती कुणी टाकत नव्हतं आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं.

दिगंबरराव टपाल खात्यात होते, शिक्षण कॉमर्सचं. पण मुलगी घरी बसून अभ्यास करणार म्हटल्यावर त्यांनी सरोजिनीची पुस्तकं काढली. जेवणाच्या सुट्टीत, पार्सलांच्या आडोशाला बसून, ते व्हिडिओ बघत. कार्बोनिल गटाबद्दल ते सासरच्या मंडळींबद्दल बोलावं तसं बोलू लागले: जपून, पण माहितगारासारखं.

रोज संध्याकाळी कॉफी झाली की ते जेवणाच्या टेबलावर बीन्स घेऊन बसत आणि चिरता चिरता प्रश्न विचारत. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न. चुकलं की सुरी खाली ठेवून समजावून सांगणं. प्रश्न संपले की ते उठून टीव्ही लावत आणि झोपेपर्यंत त्याच्यासमोर बसत, बऱ्याचदा आवाज बंद करून.

सुरुवातीला ईश्वरीची उत्तरं पटापट येत. मग हळूहळू चुकू लागली. गौरी-गणपतीपर्यंत अशी वेळ आली, की बीन्स निम्म्या तशाच राहत आणि जेवायला उशीर होई. एक प्रश्न तर पुन्हा पुन्हा अडला. फिनॉल आपला हायड्रोजन सोडतं, अल्कोहोल सहजी सोडत नाही. का? दिगंबररावांनी पुस्तकातलं सांगितलं, ते तिला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा कळलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच एक दाखला शोधून काढला. देवाची पालखी. एकाच माणसाच्या खांद्यावर सगळा भार आला तर तो हातचं काही सोडायला तयार होईल का? पण खांदे बदलणारे भोवती असले, तर भार फिरत राहतो आणि कुणीच कोलमडत नाही. फिनॉलपाशी असं सहा जणांचं कडं आहे. अल्कोहोल बिचारं एकटं.

हे सांगितल्यावर त्यांना स्वतःलाच जरा बरं वाटलं. ईश्वरीनं मान हलवली. चार दिवसांनी विचारलं तर विसरली होती.

तेव्हा त्यांनी मंगळूरला फोन केला. तिथं एक निवासी शिकवणी होती, जिच्या जाहिरातीत प्रत्येक मूल पहिलं आलेलं होतं. मोबाइल काढून घेत, पहाटे उठवत आणि रविवारी घरच्यांशी बोलू देत. फोनवरच्या माणसानं हे सगळं सोयी म्हणून सांगितलं. दिगंबररावांनी एक खाट राखून ठेवायला सांगितली आणि माळ्यावरची लाल सुटकेस काढून हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. सरोजिनी लग्नात धारवाडहून ती घेऊन आली होती.

"घरी आपलं काही जमत नाहीये," ते ईश्वरीला म्हणाले. "चूक तुझी नाही. मास्तर कच्चा आहे."

"कधी जायचं?"

"दशमीच्या दुसऱ्या दिवशी."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं टेबलावरचे दोन्ही लोटे उचलले आणि धुऊन टाकले. त्यांच्या लोट्यात अजून कॉफी होती.

आता पुस्तकं पूजेला बसली आणि घरात बोलायला काही उरलं नाही. पहिल्या संध्याकाळी दिगंबरराव सवयीनं बीन्स घेऊन बसले. ईश्वरीही सवयीनं समोर येऊन बसली. पण प्रश्नही पुस्तकांबरोबर पूजेला बसले होते.

"आज ऊन होतं," पहिली शेंग चिरत ते म्हणाले.

"होतं," ती म्हणाली.

या विषयावर दोघांचं एकमत असल्यानं तो लवकर संपला. बीन्स तर नेहमीच्या निम्म्या वेळात चिरून झाल्या. त्यांनी टीव्ही लावला. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या हत्तींची वजनं सांगत होते. गेल्या वर्षीपेक्षा कुणाचं किती वाढलं, हे त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. मागं वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि ईश्वरीच्या खोलीतला दिवा लागला होता. वाचायला काही नसताना ती दिवा लावून काय करत असेल, असं त्यांच्या मनात आलं; पण जाऊन विचारायला हातात प्रश्न नव्हता.

आयुधपूजेच्या, म्हणजे नवमीच्या, सकाळी कुवेंपुनगरातली सगळी गल्ली नळ्या लावून स्कूटर धूत होती. दिगंबररावांनी आपली धुतली आणि चादरी वाळत घालायला गच्चीवर गेले. ईश्वरी आधीच तिथं कठड्यापाशी, जिन्याकडे पाठ करून बसून स्कूटरसाठी झेंडूचा हार ओवत होती. त्यांनी दोन चादरी टाकल्या आणि तिसरी झटकणार, तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून हाक आली. शेजारच्या नरसिंहमूर्तींची पूजिता. बारावीला होती. तिचीही पुस्तकं पूजेत होती, पण दसऱ्यानंतर लगेच तिची चाचणी होती.

दोघींचं बोलणं कानडीत चाललं. पूजितानं विचारलं, फिनॉल आणि अल्कोहोलचं काय ते? उद्या विचारायचंच डोक्यातून जाईल, आत्ताच सांग.

चादरीआड दिगंबररावांचा हात थांबला. बिचारी आता काय सांगणार, असं वाटून त्यांना मुलीसाठी अवघडल्यासारखं झालं. खाली निघून जावं, असंही वाटलं.

ईश्वरीनं टोपलीतून झेंडू घेतले आणि कठड्यावर सहा फुलांचं कडं मांडलं. मग सातवं फूल कड्याबाहेर, जरा टेकवून ठेवलं. हा ऑक्सिजन, ती म्हणाली. हायड्रोजन सोडला की भार याच्यावर येतो. पण बघ, भार इथं बसून राहत नाही. या फुलावर जातो, मग त्या, मग त्या. अल्कोहोलमध्ये हे कडंच नाही. पूजितानं मध्येच काही विचारलं, त्याचं उत्तर दिलं. नायट्रो गट आणून बसवला तर काय होईल, तेही सांगितलं. ते तर दिगंबररावांनी तिला अजून शिकवलंच नव्हतं, कारण त्यांनाच ते नीटसं कळलं नव्हतं.

"पालखीसारखं," शेवटी ईश्वरी म्हणाली. "अप्पांचं आहे हे. पुस्तकात सापडणार नाही."

पूजिता हसली. "एवढं येतं तुला. मग अंकल आमच्या अप्पांना का सांगत होते, की ईश्वरीचं काही खरं नाही?"

ईश्वरीनं सुईत दोरा ओवला. एकदा चुकला, पुन्हा ओवला.

"सगळं बरोबर आलं की ते उठून टीव्ही लावतात," ती म्हणाली. "चुकलं की बसतात. आई गेल्यापासून तेवढंच बोलतात, गं."

"पण आता मंगळूरला पाठवताहेत ना?"

"हं."

"मग सांगून टाक की."

ईश्वरीनं कड्यातलं एक फूल उचललं आणि हारात ओवलं. मग दुसरं. पूजिता आईनं हाक मारली म्हणून खाली गेली. कठड्यावरची सातही फुलं हारात गेल्यावर ईश्वरीही उठली.

दिगंबरराव चादरीमागेच उभे होते. हातातली तिसरी चादर निथळून त्यांचं धोतर ओलं झालं होतं.

दुपारी स्कूटरची पूजा झाली. ईश्वरीनं हार घातला, ओवाळलं. दिगंबररावांनी चाकाखाली लिंबू ठेवून स्कूटर पुढं घेतली. नरसिंहमूर्तींनी रस्त्यात कोहळा फोडला आणि बन्नीमंटपच्या मैदानावरच्या मशालींच्या कवायतीचे दोन पास जास्तीचे आहेत, हवे का, म्हणून विचारलं. त्यांच्याकडे दर वर्षी दोन पास जास्तीचे असत. दिगंबररावांनी ईश्वरीला आरतीचं ताट घेऊन त्यांच्याकडे पाठवलं, आणि ती परत येईपर्यंत स्टुलावर चढून जे करायचं ते करून घेतलं. मग जिन्यात उभं राहून मंगळूरला फोन लावला. सणाचा दिवस असूनही फोन पहिल्या घंटीला उचलला गेला. विद्येचं दैवत सगळीकडे पूजेला बसलेलं असताना शिकवणीवाले तेवढे कामावर होते.

खाट नको, म्हणून त्यांनी सांगितलं. माणसानं कारण विचारलं.

"मुलीला सगळं येतं," दिगंबरराव म्हणाले.

"मग तर पाठवाच, सर. येणाऱ्याच मुलांना आम्ही वर आणतो."

न येणाऱ्यांचं काय करता, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी नमस्कार म्हणून फोन ठेवला.

दशमीच्या सकाळी सगळं शहर मिरवणुकीच्या रस्त्यांकडे गेलं होतं. गल्लीत कुत्रीसुद्धा नव्हती. दिगंबररावांनी सरस्वतीला फूल वाहिलं, पुस्तकं उचलून टेबलावर आणली आणि खुर्ची ओढली. पुस्तकं उठवली की त्यातलं थोडं तरी लगेच वाचायचं, ही सरोजिनीची रीत. ईश्वरी समोर, हॉलकडे पाठ करून बसली. तिचे केस ओले होते.

त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

"फिनॉल हायड्रोजन सोडतं," ते म्हणाले. "अल्कोहोल सोडत नाही. का?"

लांबून कुठून तरी नगाऱ्याचा आवाज येत होता. ईश्वरीनं बोटानं टेबलावरचा हळदीचा कण पुसला.

"अल्कोहोलमध्ये भार एकट्या ऑक्सिजनवर राहतो," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग सरळ झाला. "त्याला तो पेलवत नाही, म्हणून ते धरून ठेवतं. फिनॉलमध्ये कडं आहे. भार वाटला जातो. म्हणून ते सोडू शकतं." मग तिनं तसंच न थांबता नायट्रो गटाचंही सांगून टाकलं. कुणी विचारलेलं नव्हतं.

सांगून झाल्यावर तिनं शेजारचा टीव्हीचा रिमोट उचलला आणि त्यांच्या हाताशी ठेवला.

"सगळं बरोबर आलं, अप्पा. मंगळूर नको," ती म्हणाली, आणि उठायला लागली.

दिगंबररावांनी रिमोट घेतला. उठून तो सरस्वतीच्या पायाशी, पुस्तकांच्या रिकाम्या जागेत ठेवला, आणि वर थोड्या अक्षता टाकल्या. सरस्वतीच्या हारातले झेंडू तोडले आणि मूठ भरून परत येऊन बसले. टेबलावर त्यांनी एकेक फूल मांडलं. कडं जरा वाकडं झालं. ते त्यांनी बोटानं नीट केलं.

ईश्वरी अर्धवट उठलेली, तशीच फुलांकडे बघत राहिली. मग तिनं इतके दिवस टाळलेल्या कोपऱ्याकडे मागं वळून पाहिलं. हॉलच्या कोपऱ्यात सुटकेस नव्हती. माळ्याच्या कडेवरून लाल रंगाची एक बाजू दिसत होती.

"मला अजून नीट कळलेलं नाही," दिगंबरराव म्हणाले.

"कुठपासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी बीन्सची परडी जवळ ओढली, पण सुरी खालीच ठेवली. ईश्वरी बसली. तिनं त्यांच्या मुठीतलं उरलेलं फूल काढून घेतलं आणि कड्याच्या बाहेर, त्यांच्या बाजूला, जरा टेकवून ठेवलं.

"हा ऑक्सिजन," ती म्हणाली.