हात हलवत

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पुतळाबाईचं डोक्यावर असे. भात कापून झालं की सुरगाण्याच्या डोंगरातली निम्मी माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला उतरत, आणि त्या सगळ्यांत पुतळाबाईचं गाठोडं मोठं. तवा, पातेली, कोयता, गोधड्या, तांदूळ, नागलीचं पीठ, सुक्या मिरच्या, आणि हातात टोपलीखाली झाकलेली एक कोंबडी, कारण ती मागे राहिली तर तिला बघणार कोण? जीपवाला गोरक्ष तिला लांबूनच बघून पोरांना सांगायचा की टपावर जागा करा, घर आलं. पुतळाबाईला त्याचा राग येत नसे. घर सोडून चार महिने राहायचं तर घर बरोबर नको का, असा तिचा सरळ हिशेब होता.

दोन हजार चार साली तिची लेक रोशनी नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. दिवाळीला आली तेव्हा बजावून गेली, की मी पंचवटीत खोली बघतेय, मिळाली की तुम्हाला बोलावते. पण कामाला म्हणून नाही यायचं, पाहुणे म्हणून यायचं. मार्गशीर्षात भिमाजीच्या दुकानातल्या फोनवर तिचा निरोप आला. भिमाजीनं साखर बांधता बांधता तो चारचौघांत सांगितला: खोली मिळाली, दोघं या, सामान काही घेऊ नका.

पुतळाबाई दुकानातून घरी आली ती जवळजवळ नाचतच. वीस वर्षं ती नाशिककडे जात होती, पण तिला कधी कुणी नुसतं बोलावलं नव्हतं. बोलावणाऱ्याला तिचे हात हवे असत. या वेळी कुणालातरी ती हवी होती, तिच्याकडून काही करून न घेता. हे कसं लागतं ते तिला एकदा चाखून बघायचं होतं, आणि आपल्याला ते जमेल की नाही याची तिला मनातून धास्तीही होती.

धास्ती खरी ठरत होती. सकाळी पिशवी भरायला बसली तर पिठाचा डबा घटकेत आत, घटकेत बाहेर. तव्याचं तेच. नवरा, मंगळू, दारात बिडी ओढत ही गंमत बघत होता. पाहुणी कधी पीठ घेऊन जाते का, एवढंच तो म्हणाला. तेव्हा तिनं मन घट्ट केलं. दोन लुगडी, त्याचा एक सदरा, फणी, एवढ्यावर कापडी पिशवीचं तोंड बांधलं आणि तीही मंगळूच्या खांद्याला दिली. कोंबडी शेजारी सोपवली.

रस्त्याला लागल्यावर तिची चालच बिघडली. डोक्यावर काही नाही म्हटल्यावर मान कुठं ठेवावी ते कळेना, आणि हात तर दोन्ही उगाचच बरोबर आल्यासारखे लोंबत होते. तरी तिला हसू येत होतं.

आता पुतळाबाई एक गोष्ट विसरली होती, जी त्या पाड्यातलं शेंबडं पोरही विसरत नाही. तिथं माणूस असा रिकाम्या हातानं, नवराबायको जोडीनं, सकाळच्या पारी निघतो तो फक्त मयतीला. एरवी शेजारच्या पाड्यावर जायचं तरी हातात काकडी नाहीतर भोपळा असतो. लेकीकडे जाताना तर पाठ वाकेल एवढं असतं.

पहिली गाठ पडली ती नवसाबाईशी. ही शेजारीण, पुतळाबाईहून वयानं मोठी, भिंत सारवत होती. कुठं निघालात, तिनं विचारलं. पुतळाबाईनं सांगितलं, रोशनीकडं.

"हात हलवत?"

"तिनंच निरोप धाडला, काय आणू नका म्हणून."

नवसाबाईचा शेणाचा हात भिंतीवरच थांबला. ती उठली, कोपरानं पुतळाबाईला जवळ घेतलं आणि म्हणाली की जा बाई, धीर धर. पुतळाबाईला वाटलं, म्हातारीला घाटातल्या वळणांची काळजी असेल.

जीपपाशी गोरक्षनं आधी टपाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. मग पुढच्या सीटवरच्या एका मास्तरांना मागे कोंबलं आणि नवराबायकोला पुढे बसवलं. भाडंही घेतलं नाही. पुतळाबाई जन्मात पुढच्या सीटवर बसली नव्हती. पाहुणपण इथूनच सुरू होतं की काय, असं वाटून ती काचेतून डोंगर बघत खुशीत बसली. पण हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की जीपमध्ये कुणी बोलत नाहीये. टेपवरचं गाणं कुणीतरी बंद करायला लावलं होतं. मागून एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली आणि सुस्कारा सोडला, देवाला डोळे नाहीत म्हणून.

वणी जवळ आल्यावर गोरक्षनं समोर बघतच तोंड उघडलं. "मावशी, माझी आई गेली तवा मलाबी खरं सांगितलं नव्हतं. नुसतं ये म्हणले, कायबी आणू नको म्हणले."

पुतळाबाईला आता त्या निरोपाचीच शंका येऊ लागली. मन चिंती ते वैरी न चिंती. रोशनी स्वतः बोलली होती का भिमाजीशी? का दुसऱ्याच कुणी फोन केला? दवाखान्यात नाना रोग, पोर रात्रंदिवस त्यातच. समोर गड दिसत होता, तिनं तिथूनच सप्तशृंगीला हात जोडले आणि लेक धड दिसू दे, खणानारळानं ओटी भरीन, असं बोलून टाकलं. मंगळू म्हणाला, लोकांच्या डोक्यात भुसा भरलाय, तू नको मनाला लावून घेऊ. पण वणीच्या स्टँडवर उतरल्यावर त्याची बिडी काही केल्या पेटेना.

वणीहून एसटीनं दोघं नाशिकला आले. रोशनी दिंडोरी नाक्यावर घ्यायला येणार होती. नाक्यावर रोशनी नव्हती.

दोघं कडेला उभे राहिले. रिक्षा आल्या, गेल्या. पुतळाबाईला उभं राहवेना, म्हणून ती फुटपाथवर बसली, आणि आपण पीठ आणलं नाही, तांदूळ आणला नाही, पोरीला बघायला तशाच निघालो, हाच अपशकुन झाला असणार, असं मनाशी घोकत राहिली.

तेवढ्यात गर्दीतून एक गादी चालत येताना दिसली. गुंडाळलेली, काथ्यानं बांधलेली नवी गादी, कुणाच्यातरी डोक्यावर. एका हातानं गादी धरलेली, दुसऱ्या हातात चकचकीत तवा. गादीखालचं तोंड दिसत नव्हतं, पण मान ताठ, पाऊल सपाट, वाटेतल्या हातगाड्या चुकवत झपझप येणारी ती चाल पुतळाबाईनं ओळखली. ती तिची स्वतःचीच चाल होती.

ती उठली आणि गादीसकट लेकीला मिठी मारून भर नाक्यात मोठ्यानं रडली. रोशनी बावरून गेली. उशीर झाला म्हणून रडतेय असं समजून ती सांगत सुटली, की काही आणू नका म्हणून बसले खरी, पण खोलीत बघते तर एक चटई आणि एक पातेलं, तुम्हाला निजवणार कशावर, म्हणून सकाळपासून बाजारात होते.

"तुझ्या आयेला वाटलं तू मेलीस," मंगळू म्हणाला.

"आणि तुला?"

"मला काय वाटायचंय," असं म्हणून त्यानं टोपीनं डोळे पुसले.

पुतळाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं सवयीनं गादीला हात घातला, पण रोशनीनं दिली नाही. पाहुण्यांनी ओझं उचलायचं नसतं, म्हणाली. मग तिघं पंचवटीकडे चालू लागले. नाक्यावर कामाच्या शोधात आलेली माणसं गाठोडी घेऊन बसली होती आणि एक बागायतदार त्यांना कामाचं विचारत फिरत होता. त्यानं पुतळाबाईकडे पाहिलं आणि न विचारताच पुढे गेला. तिला इतकं बरं वाटलं की ती हात जरा जास्तच हलवत चालली.

गोष्ट इथंच संपायची, पण गोरक्ष परत गावी गेला होता ना. दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीच्या गल्लीत जीप येऊन थांबली. आत निम्मा पाडा. टपावर तांदूळ, नागलीचं पीठ, डाळ, पातेली, वर जळणाची मोळीसुद्धा. ज्या घरात दुःख आहे तिथली चूल शेजाऱ्यांनी चालवायची, ही रीत, आणि शेजारी डोंगरापलीकडे राहतात म्हणून रीत चुकत नाही. निरोपाबरोबर भिमाजीनं लिहून ठेवलेला पत्ता घेऊन, अंधारातच निघून ती माणसं आली होती. नवसाबाईनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला होता. दार उघडलं तर समोर रोशनी, तोंडात ब्रश. नवसाबाईला हुंदका मधेच तोडता येईना. तिनं तो पुरता केला आणि मग रोशनीच्या पाठीत एक धपाटा घातला.

मग असं हसणं उसळलं की वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं खाली बघायला आली. हसून झाल्यावर नवसाबाईनं पुतळाबाईला धारेवर धरलं, की काय म्हणून अशी सुतकासारखी निघाली होतीस.

"पाहुणी होते मी," पुतळाबाई म्हणाली.

लेकीनं आईला नुसतं बसायला बोलावलं, हे त्या पाड्यात आजवर घडलंच नव्हतं. मग एवढी माणसं आली, भाकरी टाकायला हव्यात, म्हणून पुतळाबाई पिठाची पिशवी सोडायला उठली, तशी नवसाबाईनं तिचं मनगट धरून तिला पुन्हा गादीवर बसवलं. "पाहुणी ना तू? मंग बस. हलू नको."

रोशनीनं स्टोव्ह पेटवला, नवसाबाईनं परात पुढ्यात ओढली. खोलीत धूर आणि माणसं मावेनात. पुतळाबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिला ते जमत होतं. पहिली भाकरी तिच्या ताटात पडली. लग्न होऊन माहेर सुटल्यापासून तव्यावरची पहिली भाकरी तिच्या वाट्याला आली नव्हती. एका कडेला जाड, थोडी कच्ची, वाफाळती. तिनं ती सगळ्यांच्या देखत, कुणासाठी न थांबता खाल्ली, आणि आणखी एक मागितली.